तीन दिवसांआड

लोहाऱ्याच्या एका शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवलं. यवतमाळहून दारव्ह्याकडं निघालं की लागणारं हे गाव आता शहराला इतकं चिकटलंय, की गाव कुठं सुरू होतं हे जुन्या माणसालाच सांगता येईल. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कापसा-तुरीची वावरं. वर्गातल्या पोरांचे बाप या दोहोंपैकी कुठंतरी राबणारे. रातपाळी करून आलेला बाप घरात झोपलेला असतो, म्हणून मोठ्यानं पाढे न म्हणणारी पोरं मी इथंच पाहिली.

पाचवीत विभाज्य आणि विभाजक येतात, सहावीत मसावि आणि लसावि. हा धडा माझ्या हातखंड्याचा. संख्या ओळीनं मांडायच्या, डावीकडं उभी रेघ ओढायची, दोननं भाग जातो का पाहायचं, मग तीननं, मग पाचनं. खाली एक-एक-एक उरले की रेघेबाहेरच्या संख्यांचा गुणाकार. ४, ६ आणि ८ चा लसावि २४. पोरं हे भराभर करायची. तपासताना माझा हात फक्त ‘बरोबर’च्या खुणा करत पुढं सरकायचा, आणि आपण चांगलं शिकवतो असं वाटायला मास्तरला आणखी काय लागतं?

पंचाईत व्हायची ती शाब्दिक उदाहरणांत. एक घंटा दर ४ मिनिटांनी वाजते, दुसरी दर ६ मिनिटांनी. ७ वाजता दोन्ही एकत्र वाजल्या तर पुन्हा एकत्र कधी? कुणी लिहायचं २४, कारण दोन संख्या दिसल्या की गुणाकार करून मोकळं व्हायचं हे त्यांना माहीत. कुणी लिहायचं २. हे २ कुठून आलं हे मला बरीच वर्षं कळलं नाही. शेवटी एका पोरानंच सांगितलं, ‘सर, लघुतम म्हणता नं तुमी. मंग लहानच येईन.’ खोटं नव्हतं त्याचं. लघुतम सामाईक विभाज्य दिलेल्या संख्यांहून कधी लहान नसतो आणि महत्तम सामाईक विभाजक कधी मोठा नसतो. १२ आणि १८ चा ‘लघुतम’ ३६ आणि ‘महत्तम’ ६. नावातला लहान तो मोठा निघतो आणि मोठा तो लहान. १२ च्या पाढ्यात आणि १८ च्या पाढ्यात भेटणाऱ्या ३६, ७२, १०८ अशा न संपणाऱ्या रांगेतला हा सर्वांत लहान, हे आधी दाखवावं लागतं. मी ते दाखवायचो, पण धावत. रीत पक्की झाली म्हणजे काम झालं, असा माझा हिशेब.

एका फेब्रुवारीत हा हिशेब मोडला.

घटक चाचणीचा पेपर मी आदल्या रात्री काढत बसलो होतो. घंटांचा मलाच कंटाळा आला होता. आपल्या पोरांना ओळखीचं काहीतरी द्यावं म्हणून घंटा काढून तिथं नळ घातले. यवतमाळकराला पाण्याहून ओळखीचं काय असणार? निळोणा आणि चापडोह धरणांत पाणी किती उरलं, हा इथं उन्हाळ्यात घराघरांतला विषय, आणि २०१८ च्या उन्हाळ्यातली टंचाई अजून कुणी विसरलेलं नाही. मी प्रश्न लिहिला: ‘एका वस्तीत नळाला तीन दिवसांआड पाणी येते, दुसऱ्या वस्तीत पाच दिवसांआड येते. आज दोन्ही वस्त्यांत पाणी आले. पुन्हा किती दिवसांनी दोन्ही वस्त्यांत एकाच दिवशी पाणी येईल?’ उत्तर मनातल्या मनात काढलं. ३ आणि ५ चा लसावि १५. झोपलो.

वर्गात ३४ पोरं. २६ जणांनी १५ लिहिलं. पाच जणांनी काहीतरी भलतंच. तिघांनी लिहिलं १२. दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही एकाच गल्लीतले. मी तिघांच्याही उत्तरांवर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, ‘एकमेकांचे पाहून लिहू नये.’

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यातली एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर बसणारी, वर्गात तोंड न उघडणारी. पेपर तिनं पुढं केला नाही, पाठीमागं धरला होता.

‘सर, मी पाह्यलं नाई कोनाचं.’

‘मग बारा कुठून आणलेस?’

तिनं डाव्या हाताची बोटं पुढं केली. करंगळी धरून म्हणाली, ‘आज पानी आलं.’ मग एकेक बोट सोडत गेली. ‘हा एक सुका, हा दुसरा, हा तिसरा. तीन दिवस मधात गेले. आता ह्या दिवशी नळ येते.’ अंगठा वर होता. ‘चौथ्या दिवशी येते नं सर, तीन दिवसांआड म्हनजे. अन् पाच दिवसांआडवाल्याइकडे साव्या दिवशी.’

४ आणि ६ चा लसावि १२.

मी खुर्चीत बसून होतो आणि ती उभी होती. बी.एड. झालेला, लसाविचा हातखंडा असलेला मी, ‘दिवसाआड’ या शब्दाचा अर्थ विसरलो होतो. एक दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? डॉक्टरनं ‘गोळी एक दिवसाआड घ्या’ म्हटलं तर मी रोज घेत नाही. पण कागदावर ‘तीन’ दिसला आणि मी तीनच उचलला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २६ पोरांनी माझंच चुकीचं पाणी भरून आणलं होतं.

त्या रात्री मी या शब्दांच्या मागं लागलो. ‘तीन दिवसांनी’, ‘दर तिसऱ्या दिवशी’, ‘तीन दिवसांआड’, ‘तीन दिवस सोडून’. पहिल्या दोघांची ढांग तीनची, उरलेल्या दोघांची चारची. त्याहून गंमत आठवड्याची. आठवड्याचे दिवस सात, नावात आठ. ‘आठ दिवसांनी ये’ म्हटलं की सोमवारी निघालेला माणूस पुढच्या सोमवारीच येतो, मंगळवारी नाही. दोन आठवड्यांना आपण ‘पंधरा दिवस’ म्हणतो, आणि ते भरतात चौदा. बोलताना आपण निघाल्याचा दिवसही मोजतो आणि पोचल्याचाही. ‘आड’ म्हणताना दोन्ही सोडतो. बोलण्यात हे कुणालाच अडत नाही, पाढ्यात अडतं. ८, १६, २४ आणि ७, १४, २१ या दोन वेगळ्या वाटा आहेत. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ अशी पर्यायी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वादंग माजलं आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यामागचा विचार पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागला. संख्येचं नाव पोराच्या डोक्यात कसं उतरतं, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. माझ्या वर्गात तो ‘आड’ या दोन अक्षरांत येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर चूक कबूल केली. तिघांच्या पेपरांवरच्या फुल्या खोडल्या, शेराही खोडला. २६ जणांचे गुण मात्र कापले नाहीत. चूक माझी होती, त्यांनी ती विश्वासानं केली होती. त्या तिघांनी एकमेकांचं पाहिलं नव्हतं. तिघांच्या घरी पाणी एकाच नळाचं येत होतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

पण त्या मुलीच्या बोटांवरचा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. महिन्याचा गोषवारा काढायला हजेरीपट उघडला आणि तिच्या ओळीशी थांबलो. लाल खुणा सहा होत्या. २, ६, १०, १४, २२, २६.

ही पोरगी सारखी दांडी मारते, हे मला माहीत होतं. पण त्यात काही सूत्र असेल असं कधी वाटलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी घरी राहणारी पोरं मास्तरला लगेच ओळखू येतात, कारण वार तोच असतो. हिचा वार दरवेळी निराळा. शुक्रवार, मंगळवार, शनिवार, बुधवार, गुरुवार, सोमवार. मी वार पाहत होतो, तारखा पाहिल्याच नव्हत्या. आता पाहिल्या तर मध्ये चार-चारची ढांग, आणि १४ नंतर एकदम २२. मधली १८ कुठं गेली? १८ तारखेला रविवार होता.

शिक्षकानं लसाविचं यापेक्षा चांगलं उदाहरण काढून दाखवावं. ४ आणि ७ चा लसावि २८. फेब्रुवारीचे दिवस २८. तेवढ्यात पाणी सात वेळा येतं, आणि ४ नि ७ यांना १ सोडून सामाईक विभाजक नसल्यामुळं ते सातही वारांना एकेकदा शिवून येतं. सहा वेळा शाळा बुडते, एकदाच रविवार लाभतो. नळाची वेळ ठरलेली नसे. कधी आठला, कधी बाराला. म्हणजे दिवसच जायचा.

मी तिला विचारलं, पाणी भरायला घरी दुसरं कुणी नाही का? बाप एमआयडीसीत ठेकेदाराकडं, त्याला खाडा परवडत नाही. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जाते, एक दिवसाआड. मधल्या दिवशी दुसरी बाई असते. भाऊ लहान, त्याच्यानं गुंड उचलत नाही.

माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. म्हटलं, ‘आई एक दिवसाआड जाते म्हणजे ढांग दोनची. पाण्याची चारची. २ आणि ४ चा लसावि किती?’

‘चार.’

‘म्हणजे दर चार दिवसांनी आईची सुट्टी आणि पाणी एकाच दिवशी यायला पाहिजे की नाही?’

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, ‘भेटतच नाई नं सर. पानी येते त्या दिवशी आई कामावरच रायते. नेहमीच.’

मी म्हणालो, असं होणार नाही, नीट आठव. ती म्हणाली, नीटच आठवते. आणि मी घरी जाऊन कागद घेतला.

वरच्या ओळीत पाण्याच्या तारखा: २, ६, १०, १४, १८, २२, २६. खालच्या ओळीत आईच्या सुट्टीच्या: १, ३, ५, ७, ९, ११. वर सगळ्या सम, खाली सगळ्या विषम. ही ओळ लोहाऱ्यापासून नागपूरपर्यंत ओढत नेली तरी दोघींत एक तारीख सामाईक सापडणार नाही. पोरगी शब्दशः खरं बोलत होती.

पुस्तकातल्या दोन घंटा ७ वाजता एकत्र वाजलेल्या असतात. दोन बस एकाच वेळी स्टँडवरून सुटलेल्या असतात. ‘आज दोन्ही एकत्र’ हे वाक्य प्रत्येक उदाहरणात असतं आणि इतकी वर्षं मी ते ‘समजा’सारखं वाचून टाकत होतो. सगळा लसावि त्या एका वाक्यावर उभा आहे. घराघरांतल्या घंटा एकत्र सुरू झालेल्या नसतात. आई कामाला लागली तो दिवस आणि नळाचा दिवस कुणी जुळवून दिलेला नव्हता.

मग सुरुवात निरनिराळी असेल तर भेट होते की नाही, हे कशावर ठरतं? दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मी फळ्यावर घेतला, कुणाचं नाव न घेता. एक नळ चारच्या ढांगेचा: २, ६, १०, १४, १८, २२. दुसरा सहाच्या ढांगेचा, पण पहिली तारीख पोरांनी ठरवायची. एकानं ४ सांगितली: ४, १०, १६, २२. दहाला भेट झाली, बाविसाला पुन्हा झाली, मधलं अंतर बरोबर १२. दुसऱ्यानं ५ सांगितली: ५, ११, १७, २३. भेट नाही. तिसऱ्यानं ७ सांगितली, तिथंही नाही. ८ सांगितली, लगेच भेट: १४. पोरं आकडे ओरडू लागली, मी लिहीत गेलो, आणि फळा भरायच्या आत एकजण म्हणाला, ‘सर, दोनाचा फरक असंन तर भेटते, एकाचा असंन तर नाई.’

४ आणि ६ चा मसावि २. सुरुवातीतला फरक त्या मसाविच्या पाढ्यात बसला तर भेट होणार, नाहीतर कधीच नाही. मसावि १ असेल, जसा ४ आणि ७ चा, तर सुरुवात कुठूनही करा, भेट चुकत नाही. म्हणून तिच्या पाण्याला २८ दिवसांत एक तरी रविवार मिळतोच. भेट होणार की नाही हे मसावि सांगतो, झाल्यावर पुन्हा कधी हे लसावि सांगतो. अकरा वर्षं मी हे दोघे एकाच धड्यात, एकाच रेघेच्या आधारानं शिकवले आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे मला सहावीच्या पोरांबरोबर कळलं.

मग मला हे जिथंतिथं दिसायला लागलं. भिंतीवरच्या पंचांगात साठ संवत्सरं का? परंपरा सांगते, गुरूचा फेरा सुमारे बारा वर्षांचा, शनीचा सुमारे तीस. बारा पंचे साठ, तीस दुणे साठ. दोघे मिळून पुन्हा तिथंच यायला साठ वर्षं. अधिक महिन्याचंही तसंच. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्याआधीचा २००४ साली. मधली वर्षं १९. एकोणीस वर्षांचे बाराच्या हिशेबानं २२८ चांद्रमास, त्यात सात अधिक मिळवले की २३५, आणि सूर्य-चंद्राची गाठ जवळजवळ तिथंच पडते. जवळजवळ, म्हणून तो महिना दर खेपेला त्याच जागी येईलच असं नाही. आकाशातल्या ढांगा पूर्णांकात नसतात.

आणि पुस्तकात कोपऱ्यात बसलेल्या या लसाविचं वयही थोडं नाही. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा नुसता गुणाकार करत न बसता सर्वांत लहान सामाईक छेद कसा काढावा, याची रीत त्यांनी दिली आणि त्या संख्येला नाव दिलं ‘निरुद्ध’. विदर्भही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच सत्तेत होता. पोरांना हे सांगितलं तर एकानं विचारलं, त्यांच्याकडे पण नळ दिवसाआड येत होता का? मी म्हटलं, तेव्हा आड होते. वर्ग हसला.

त्या मुलीनं मात्र फळ्यावरची गोष्ट नुसती वहीत उतरवली नाही. सुरुवात एका दिवसानं सरकवली की सम-विषमचा घोळ मिटतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं ते घरी सांगितलं. आई खानावळीतल्या दुसऱ्या बाईशी बोलली. त्या बाईच्या घरी सासू पाणी भरते, तिला सम काय आणि विषम काय. २ मार्चला आईची पाळी होती. ३ ला दुसरीच्या जागी आईच पुन्हा गेली, ४ ला दुसरी आली आणि पुढं एक दिवसाआड सुरू झालं. कुणाची मजुरी बुडाली नाही, कुणाला अर्ज करावा लागला नाही. एक दिवस लागोपाठ काम, बस्स.

हे मी तिला सुचवलेलं नव्हतं. तारखांच्या दोन ओळी माझ्यासमोर रात्रभर होत्या आणि मला त्यात फक्त एक सुंदर प्रमेय दिसलं होतं.

त्यानंतर मी लसाविच्या धड्याची सुरुवात बदलली. पहिले दोन तास रेघ ओढायची नाही. प्रत्येकानं घरातल्या दोन ढांगा आणायच्या: नळ, पाळी, बाजार, गटाची बैठक, जे असेल ते. पहिली तारीख लिहायची. मग विचारायचं, भेटतात का? भेटत असतील तर पुढं कधी? रीत तिसऱ्या तासाला येते, आणि तोवर तिची गरज पोरांनाच वाटू लागलेली असते. त्यात एकदा तीन पाळ्यांत आठवड्याआठवड्यानं फिरणाऱ्या बापाच्या पोरानं २१ आणि ४ आणले. लसावि ८४ आला तेव्हा तो बराच वेळ आकड्याकडं पाहत बसला होता.

त्या वर्षीचा हजेरीपट मी शाळेत जमा करण्याआधी पुन्हा एकदा चाळला. मार्चच्या पानावर तिच्या ओळीत २ ला लाल खूण आहे. ६, १० आणि १४ ला ती हजर आहे. २२ ला नाही. त्या दिवशी तिला ताप होता.